मशीन बिघडलं नव्हतं

आमच्या घरात बीपी ह्यांचं. ह्यांचं म्हणजे माझ्या नवऱ्याचं. होडी ह्यांची, पडवीतली खुर्ची ह्यांची, तसं बीपीसुद्धा ह्यांचंच. अकरा वर्षांपूर्वी आमच्या गावात होडीवाल्यांसाठी आरोग्य शिबिर झालं, तेव्हा ते सापडलं. हे पर्यटकांना होडीतून डॉल्फिन दाखवायला नेतात आणि परत आले की तीच माणसं आमच्या खानावळीत जेवतात. बाकडी तयार होती म्हणून शिबिर आमच्याच पडवीत भरलं. चाळीसेक पुरुष रांगेनं बसून दंड पुढे करत होते. त्यांचे पोहे मी केले, चहा मी केला. डॉक्टरांच्या टेबलापासून दीड हातावर उभी राहून ह्यांचा आकडा मी ऐकला. माझ्या दंडाला पट्टा बांधा असं मी म्हटलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. बाई चहा घेऊन आली, कप ठेवले आणि आत गेली.

त्या दिवसापासून ह्यांचं बीपी मी सांभाळायला घेतलं. ह्यांची डाळ वेगळी, भाजी वेगळी, सुकी मासळी बंद, लोणचं बंद. कुडाळच्या दुकानातून मशीन आणलं. रोज सकाळी ह्यांना खुर्चीत बसवायचं, पाय जमिनीला टेकवायला लावायचे, हात टेबलावर ठेवायचा आणि पाच मिनिटं बोलू द्यायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात कठीण. एक दिवस ह्यांची गोळी चुकली तर मला चैन पडायचं नाही. माझं नाव शुभांगी. तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते.

आंगान भरलंस गो

ह्यांचं अळणी काढून झालं की उरलेलं सगळं मीठमसाल्याचं. ते आधी पर्यटकांचं आणि मग माझं. माझं जेवण चार वाजता. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नाही, मग ताटात भाताचा डोंगर, वर खोबऱ्याचं वाटप घातलेली दाट आमटी, उरलेला तळलेला बांगडा, दोन पेले सोलकढी. शिवाय दिवसभर चव बघायची ती वेगळीच. खानावळवाल्या बाईचं निम्मं जेवण चमच्यातून होतं, आणि ते कोणी जेवण म्हणून धरत नाही. मीही धरलं नाही.

लग्नात मी काडी होते. पंचेचाळिशीनंतर पाळी मागेपुढे व्हायला लागली, पन्नाशीत गेली, आणि तिच्याबरोबर कंबरही गेली. दरवर्षी ब्लाउज उसवून सैल करायचे. शेजारच्या बायका म्हणायच्या, "आंगान भरलंस गो, आता बरी दिसतस." मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? खानावळवाली हडकुळी असली तर गिऱ्हाइकाला तिच्या स्वयंपाकाचा काय भरवसा?

सकाळी मान आणि डोक्याची मागची बाजू ठणकायची. दोन पायऱ्या चढले की छातीत धडधड. मध्येच अंगातून वाफ निघाल्यासारखं व्हायचं, आणि राग तर असा यायचा की माझ्या मदतीला येणारी मंदा पातेली हळू ठेवायला शिकली. पण प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार होतं. मंदा म्हणायची, "वयनी, वय तसा आसा. माझ्या सासूचा पण असाच झालेला." तिनं एकदा मीठ-मिरच्या ओवाळून दिष्टसुद्धा काढली. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच.

कोणी तब्येतीचं विचारलं तर मी सांगायची, दिवसभर उभी असते चुलीपाशी, मला काय धाड भरलीय?

दोनशे सा

दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. माणसांची गर्दी होती. सकाळी ह्यांचं बीपी एकशे अठ्ठावन्न आलं. नेहमी एकशे तीसच्या आसपास असायचं. मी सरळ विचारलं, काल कोणाकडे काय खाल्लंत? आदल्या संध्याकाळी हे शेजारी गेले होते आणि येताना तोंडाला सुक्या सुंगटांचा वास येत होता. सुंगटं म्हणजे कोळंबी. माझं नाक काही पर्यटक नव्हे.

"काय खाव्क नाय," हे म्हणाले. "मशीन बिघडला आसतला. माझा इतक्या कधी येना नाय."

"मशीन कशाला बिघडेल?"

"तुझ्या हाताक लाव बघूया. तुका काय बीपी नाय. खरा खोटा हयच कळतला."

मला ते पटलं. बीपी नसलेलं माणूस घरात असताना मशीन तपासायला दुकानात कशाला जायचं? अकरा वर्षांत पहिल्यांदा मी तो पट्टा माझ्या दंडाला बांधला. आकडा आला दोनशे सहा आणि खाली एकशे अठरा.

हे हसायला लागले. "बघ, सांगलंय ना तुका. दोनशे सा. म्हशीचा बीपी दाखयता."

मीही हसले. पुन्हा लावलं तर एकशे अठ्ठ्याण्णव. तिसऱ्यांदा दोनशे दहा. दर वेळी वेगळं येतंय म्हणजे मशीन नक्कीच गेलं, असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. सुक्या सुंगटांतून सुटका झाल्यामुळे हे तर खूपच खूश होते. मला कुडाळला वाणसामान आणायला जायचंच होतं, म्हणून मशीन पिशवीत घातलं आणि एसटीत बसले. डोकं ठणकत होतं. उजव्या हाताच्या बोटांना परवापासून मुंग्या येत होत्या, पण ते नारळ खवल्यामुळे असेल असं मी धरलं होतं.

दुकानदाराला म्हटलं, हे वेडंवाकडं दाखवतंय, बदलून द्या. त्यानं पट्टा स्वतःला लावला, एकशे बावीस. पुन्हा लावला, एकशे वीस. आतून बायकोला बोलावून तिला लावला, एकशे सोळा. मग म्हणाला, तुमचा हात द्या बघू. पट्टा आवळला, सुटला, आणि त्यानं मशीन हळूच स्वतःकडे वळवून घेतलं. मला आकडा दिसू नये म्हणून.

"काकी, बसा हय. घरचा कोण सोबत आसा?"

"मशीनचं काय ते सांगा ना," मी म्हटलं.

"मशीन बरा आसा, काकी."

त्यानं ते इतक्या सावकाश सांगितलं, की मला आधी आवाज ऐकू आला आणि अर्थ मागून आला. मी स्टुलावर बसले. समोरच्या काचेच्या कपाटात तोंड दिसत होतं. ते वाकडं झालंय का, हे मी बघत होते.

आई

माझ्या आईच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा ती छप्पन्न वर्षांची होती. आमच्याकडे अर्धांगाला असंच म्हणतात, वारं गेलं. खळ्यात बसून ती कोकमं फोडत होती. हातातलं कोकम पडलं, ते उचलायला वाकली ती उठलीच नाही. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. सहा वर्षं अंथरुणात काढून मग ती सुटली.

वारं कुठून आलं याचा शोध आम्ही खूप घेतला. देवळात गाऱ्हाणं घातलं, तेल चोळलं, कोणी सांगितलं म्हणून तिची खाट मागच्या खोलीत हलवली, कारण तिथे दर्यावरचा वारा लागत नाही. तिचंही डोकं वर्षानुवर्षं दुखायचं. ती कपाळाला फडकं बांधून कामाला लागायची. त्याआधी तिच्या दंडाला कोणी पट्टा बांधला होता का, मला आठवत नाही. बहुधा नाहीच.

त्या स्टुलावर बसले तेव्हा मी पंचावन्न वर्षं आणि सात महिन्यांची होते. हे गणित मी तिथेच केलं. माणूस मेला तर सुटतो, मला मरणाचं तेवढं वाटत नव्हतं. मला खाटेची भीती वाटत होती. दुसऱ्याच्या हातून धुतलं जाण्याची, आणि सांगायचं असताना सांगता न येण्याची.

कुडाळचे तीन दिवस

दुकानदारानं रिक्षा करून दिली आणि त्याची बायको माझ्याबरोबर दवाखान्यापर्यंत आली. तिचे उपकार मी विसरणार नाही, आणि तिचं नाव विचारायचं मला सुचलं नाही.

डॉक्टर बाई होत्या, माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांच्या मशीनवरही दोनशे चौदा आलं. डोळ्यांत उजेड टाकून बघितलं, हात दाबायला लावला, पाय उचलायला लावले, जीभ बाहेर काढायला लावली. मग म्हणाल्या, "आज घरी जायचं नाही."

मी म्हटलं, "संध्याकाळी बारा माणसं जेवायला आहेत."

त्या म्हणाल्या, "त्यांना दुसरीकडे जेवण मिळेल."

ह्यांना फोन त्यांनीच केला. हे आले तेव्हा अंगात होडीवरचाच शर्ट होता. बरोबर रश्मी, आमची मुलगी. ती बांद्याला दिलेली आहे आणि नोकरीला रोज गोव्यात जाते. कामावरून थेट आली होती. हे खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मशीन बरा होता." रश्मी त्यांच्यावर खेकसली. मला मात्र त्यांचं कळलं. माणसाला जे म्हणायचं असतं ते नेहमी तोंडात येतंच असं नाही.

दर तासाला सिस्टर येऊन पट्टा बांधायची. पट्टा आवळायला लागला की छाती धडधडायची, की आकडा वर जायचा, की मी आणखी घाबरायची. एकदम खाली का आणत नाही, म्हणून मी डॉक्टरांच्या मागे लागले. त्या म्हणाल्या, इतकं चढलेलं एकदम खाली आणायचं नसतं, मेंदूला रक्त कमी पडेल, पायरी पायरीनं आणू. म्हणजे तोवर मी वरच्या पायरीवर. त्या पायरीवर बसून मी तीन दिवस काढले.

जेवण अळणी होतं. दुधी, वरण, पोळी. पहिला घास तोंडात घातला आणि ह्यांच्याकडे बघितलं. अकरा वर्षं मी ह्या माणसाला हे खायला घालत होते आणि वर "चांगलं लागतं, खावा" म्हणत होते. ह्यांनी फक्त एकदा मान हलवली.

वारं गेलं तर आधी तोंडाला कळतं, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. म्हणून मी सारखी तोंड चालवून बघायची. मोठे अवघड शब्द सुचेनात, मग मासळीची नावं घ्यायला लागले. बांगडा, सुरमई, सरंगा, पेडवे, मोरी, तारली. एकेका नावाला अंगठा एकेका बोटाला लावायचा. हे तासन्‌तास. शेजारच्या खाटेवर देवगडकडच्या एक म्हाताऱ्या आजी होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "बाय, खंयचा स्तोत्र म्हणतस ता? माका पण शिकव."

"स्तोत्र नाय आजी. मासळी आसा."

त्यांनी थोडा विचार केला. "म्हण तर. गुण येता ना, मगे झाला."

मग त्याही म्हणायला लागल्या. त्यांना माझ्यापेक्षा दुप्पट मासे माहीत होते. त्या तीन दिवसांत मी हसले ती तेवढीच.

मेंदूचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाल्या, मेंदूत काही नाही. मी म्हटलं, ते आमच्या ह्यांना लग्नापासून माहीत आहे. डॉक्टर हसल्या. डोळ्यांच्या मागच्या पडद्यावर रक्ताचे दोन बारीक ठिपके सापडले, लघवीतून थोडं प्रथिन जात होतं. बोटांच्या मुंग्या कशाच्या, ते शेवटपर्यंत नक्की सांगता आलं नाही. "मानेचं असेल, साखरेचं असेल, लक्ष ठेवू," असं त्या म्हणाल्या. लक्ष ठेवू, या दोन शब्दांवर माणूस किती दिवस काढू शकतो ते मला तेव्हापासून माहीत झालं.

चार कागद

डॉक्टरांनी जुने रिपोर्ट मागितले. रश्मीनं घरून बिस्किटांचा डबा आणला. मी कागद टाकत नाही आणि वाचतही नाही. बारा वर्षांपूर्वी पाळीत अंगावर फार जायचं, तेव्हाची रक्ततपासणी. मग पित्ताशयातल्या खड्यांच्या वेळची. मग गुडघे दुखले तेव्हाची. शेवटची दोन वर्षांपूर्वीची, तापाची. चार वेगवेगळी दुखणी, चार वेगवेगळे डॉक्टर.

त्यांनी ते चारही कागद माझ्या पांघरुणावर ओळीनं मांडले आणि एकेका जागी बोट ठेवलं. पहिल्यावर साखर जेमतेम हद्दीत. दुसऱ्यावर किंचित वर. तिसऱ्यावर आणखी. रक्तातल्या चरबीचं तेच. तापाच्या कागदावर कोणीतरी बारीक अक्षरात बीपीसुद्धा लिहून ठेवलं होतं, एकशे अठ्ठेचाळीस. "तापामुळे असेल," असं तेव्हा म्हणाले होते. प्रत्येक कागदाखाली एकच ओळ होती, आहार सांभाळा. मी सांभाळला होता, ह्यांचा.

मग त्यांनी शिंप्याची असते तशी टेप काढून माझी कंबर मोजली. वजनापेक्षा मला ह्यात जास्त इंटरेस्ट आहे, म्हणाल्या. टेप गुंडाळता गुंडाळता त्यांनी विचारलं, "बाळंतपणात बीपी वाढलं होतं?"

मी नाही म्हणणार होते. मग आठवलं. रश्मीच्या वेळी आठव्या महिन्यात पाय, हात, तोंड सगळं सुजलं होतं. तीन आठवडे आधीच बाळंत झाले. दवाखान्यात डावी कूस सोडू दिली नव्हती. नंतर पाय उतरले, पोर धडधाकट होती, विषय संपला.

"विषय तिथेच सुरू झाला असेल," डॉक्टर म्हणाल्या. "ज्या बाईला बाळंतपणात बीपी होतं, तिला पुढे ते होण्याचा धोका जास्त असतो. हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

कोण सांगणार? आणि सांगितलं असतं तरी, मांडीवर तान्हं पोर असताना मी ऐकलं असतं का?

मी विचारलं, "मग ह्यांचं आणि माझं एकच दुखणं ना?"

"नाव एकच आहे. पुरुषांचं बहुतेक वेळा लवकर वर येतं, म्हणून लवकर सापडतं. बायकांचं पाळी असेपर्यंत बरेचदा मागे राहतं. मग पाळी जाते, पोटावर चरबी बसते, साखर सरकते आणि ते भराभर चढतं. तोवर घरात ठरून गेलेलं असतं की बीपी नवऱ्याला आहे. तुमचं एका दिवसात झालेलं नाही, काकू. बारा वर्षं थोडं थोडं करत आलंय."

मला रडू आलं नाही, राग आला. चार डॉक्टरांचा आला, शिबिराचा आला, "आंगान भरलंस" म्हणणाऱ्या बायकांचा आला. पण डबा माझ्याच कपाटात होता. रोज सकाळी मशीन माझ्याच हातात होतं. नवऱ्याच्या दंडापासून माझा दंड असा कितीसा लांब होता?

दोन पेशंट

घरी आले त्या दिवसापासून मी मशीन सोडलंच नाही. उठल्यावर, चहानंतर, शिंक आली तर, कोणाशी बोलाचाली झाली तर. एका दिवशी मी बावीस वेळा मोजलं. आकडा जास्त आला की पुन्हा मोजायचा आणि कमी आला तर विश्वास बसायचा नाही. शेवटी ह्यांनी मशीन कपाटात बंद केलं आणि चावी शर्टाच्या खिशात ठेवली. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मला खुर्चीत बसवून सांगायचे, "पाय टेक. बोला नको." मजा वाटत होती त्यांना. अकरा वर्षं वाट बघितली होती बिचाऱ्यानं.

खानावळ महिनाभर मंदानं चालवली. पहिल्याच आठवड्यात एक नेहमीचं कुटुंब जेवून उठलं आणि म्हणालं, आज मीठ अगदी बरोबर आहे. माझ्या जिवाची आग झाली. मग मंदानं खालमानेनं सांगितलं, की वर्षभर लोक आमटी ताटात ठेवून जात होते. माझ्या जिभेला मीठ लागेनासं झालं होतं, म्हणून मी वाढवत गेले होते. माझ्या तोंडावर सांगायची कोणाची छाती झाली नव्हती.

रश्मी म्हणाली, खानावळ बंद कर. मी म्हटलं, बंद करून काय करू, खाटेवर पडून सराव करू? ती रडत बांद्याला गेली. तिला बोलले त्याचं आजही वाईट वाटतं. त्याच दुपारी हे भाताचं ताट पुढे घेऊन बसले होते, आणि सहज म्हणाले, "घरात दोन दोन पेशंट झाले तर बघूचा कोणी?"

त्यांनी ते माझ्यावर टाकायला म्हटलं नव्हतं. पण मला ते लागलं. "अकरा वर्सा मी बघलंय," मी म्हटलं. "तेवा इचारलास नाय कोण बघता म्हणान." दोन दिवस आम्ही बोललो नाही.

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. हे सोपं वाटेल, पण आमच्या गावात बाई रिकाम्या हातानं चालत नाही. ती पाण्याला जाते, बाजाराला जाते, देवळात जाते. पुरुष नुसते चालू शकतात. पहिल्या दिवशी वाळूवर पोचेपर्यंत सहा जणांनी विचारलं, "खंय चललंस गो?" "चालूक," असं सांगितलं तर लोक थांबून बघत राहिले. दुसऱ्या दिवसापासून मी हातात रिकामी पिशवी घेतली. मग कोणी विचारलं नाही. महिन्याभरानं मंदा आली, तिच्याही हातात पिशवी. आता आम्ही पाच जणी आहोत, आणि पाच रिकाम्या पिशव्या. बाकी चौघींनी आपापलं बीपी मोजून घेतलं. चौघींच्या नवऱ्यांना गोळ्या चालू आहेत. त्या गोळ्यांची नावं चौघींना तोंडपाठ होती, स्वतःचा आकडा एकीलाही माहीत नव्हता.

हे लिहायला घेतलं ते त्यांच्यासाठी. तुमच्या घरात मशीन असेल तर ते तुमच्याही दंडाला बसतं, एवढंच मला सांगायचं आहे. बाळंतपणात पाय सुजले होते का, बीपी वाढलं होतं का, हे डॉक्टरला आपण होऊन सांगा, पोर तिशीची झाली असली तरी. मी बरी झाले असं मला म्हणता येत नाही. गोळ्या चालू आहेत, आकडा बरा आहे, कंबर दीड इंच उतरली आहे. भीती उतरलेली नाही. सकाळी डोळे उघडले की अजून आधी मासळी म्हणते.

छप्पन्न

मला छप्पन्न पूर्ण झाली त्या दिवशी पर्यटक जेवून गेले होते. आता मी बारालाच जेवते, चारला नाही. हे खुर्चीत बसले होते, मी खाली उंबऱ्याला टेकून. सकाळचा आकडा एकशे चौतीस होता. चांगला होता, पण आईचं वय झालं होतं. कधीतरी विचारायचंच होतं, ते मी विचारलं.

"माझ्या आंगावरसून वारो गेलो, तर तुमी माका आंघोळ घालशात?"

हे समुद्राकडे बघत म्हणाले, "मी आदी जातलंय, असाच मी धरान चललेलंय. गोळये माका. तू मागे रवतलंस, रश्मी तुका बघतली, असा सगळा मी मनात ठरयलेला. ह्या उलटा होयत, ह्या माझ्या डोक्यातच इला नाय."

अकरा वर्षं मी ह्या माणसाचं मीठ मोजत होते, आणि तो अकरा वर्षं शेजारी बसून आपल्या मरणानंतरची माझी सोय लावत होता. मला एका शब्दानं बोलला नव्हता.

"घालीन गो," हे म्हणाले. "आंघोळ घालीन, भरवीन. सगळा करीन. पण तुझे केस माका जमाचे नाय."

तेव्हा मी त्यांना ते सांगितलं, जे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. आईचे केस दुसऱ्या महिन्यात कातरले होते. कमरेपर्यंत होते. गुंता सुटेना, घरात कोणाला वेळ नव्हता, आणि कातर माझ्या हातात होती. तिला बोलता येत नव्हतं. तिनं डाव्या हातानं डोकं धरून ठेवलं होतं, आणि मी एकेक बोट सोडवून केस कापले.

हे उठून आत गेले आणि फणी घेऊन आले. मी त्यांच्या खुर्चीपुढे खाली बसले आणि अंबाडा सोडला.

"दोरी वळूक येता मां तुमका?" मी म्हटलं. "तसाच. तीन पेड करा. डाव्याचो मदी घ्या, मगे उजव्याचो."

त्यांची बोटं जाड, होडीच्या दोरानं खरबरीत झालेली. पहिल्यांदा वेणी इतकी आवळली की डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्यांदा सैल होऊन सुटली. मी पुन्हा सांगितलं, त्यांनी पुन्हा घातली. तिसऱ्यांदा जमली. वाकडी होती. ती तशीच ठेवून मी संध्याकाळची मासळी साफ करायला उठले.